मास्तरांनी दिलेलं माप

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात, कारण चाळीस वर्षं त्याने लोकांचे कोट शिवले. तीन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली. बायको-मुलं नाहीत. मी रोज दुपारी तासभर बसून येते, पण त्याला उचलणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. तेव्हा माझी मुलगी प्रयोगशाळेतल्या नोकरीतून महिन्याची रजा काढून मामाकडे राहायला गेली. रजा संपली, पाठोपाठ नोकरीही. मामा तिला कैची म्हणतो. जीभच तशी आहे.

नियम असा की घरच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याला सरकारी मानधन मिळतं आणि ती वर्षं पेन्शनला धरली जातात. अट एकच, रुग्णाला रोज निदान सहा तास दुसऱ्याच्या हाताची गरज हवी. ते बघायला कार्यालयातून तपासनीस बाई येतात. माझा जीव त्यातच अडकला होता. अडतिसाव्या वर्षी माझी लेक कागदोपत्री काहीच करत नव्हती.

बाई येणार म्हणून कैचीने पहाटे उठून घर लख्ख केलं. मामाची गुळगुळीत दाढी केली, त्याला त्याचा ठेवणीतला कोट चढवला आणि शौचाची खुर्ची मोरीत दडवली. परकं माणूस घरात येणार, मग आवरायला नको?

"स्वतःच्या हाताने जेवता?" बाईंनी विचारलं.

"जेवतो की!"

"रात्री कोणाला उठावं लागतं?"

"छे हो! ही पोरगी उगाच घुटमळते माझ्याभोवती. भाची कसली, सासूच आहे माझी."

सगळे हसले. कैचीही हसली. पंधरा दिवसांनी पत्र आलं: रुग्ण स्वावलंबी, अर्ज नामंजूर.

अपिलाला तीस दिवस होते. मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "दिवसभराचं सगळं लिहून आणा. काही झाकू नका. खाली रुग्णाची सही किंवा अंगठा हवा."

कैची उसळली. "मामाला मी कशी धुते ते चार लोकांपुढे मांडू? उद्या मान वर करून बघेल का तो माझ्याकडे? नकोत मला ते पैसे!"

"पैशांना नको म्हण. म्हातारपणालाही नको म्हणणार आहेस का?"

"तू म्हणजे ना, आई! पुढच्या तीस वर्षांचं आजच रडून घेतेस."

ते खरंच आहे. म्हणून ती औषधं आणायला गेली तेव्हा मीच सगळं लिहून काढलं आणि कागद घेऊन भावापुढे बसले. आंघोळ, शौच, कूस बदलणं, घास भरवणं. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. तो भिंतीकडे बघत होता.

"ताई, रात्री दोनदा लिहिलंयस. ती तीनदा उठते."

"तुला कळतं?"

"अंग लुळं पडलंय, डोकं नाही." त्याने भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली. "माप देताना गिऱ्हाइकं पोट आत ओढून उभी राहायची. मी म्हणायचो, अहो, श्वास सोडा, कोट तुम्हालाच घालायचाय. त्या दिवशी मीच पोट आत ओढलं. कोट घट्ट बसला तो मात्र या पोरीला."

डाव्या हाताचा अंगठा त्याने आपणहून पुढे केला.

कैची आली, तिने शाई पाहिली. "आई! मला विचारायचंस तरी!"

"अब्रू माझी आहे, मी ठरवीन," मामा म्हणाला. "तू जरा जीभ आवर."

दुसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा जेवण चाललं होतं. कैची चमचा खाली ठेवायला लागली. "थांबू नकोस," मामा म्हणाला, आणि बाईंच्या देखत त्याने तोंड उघडलं. हनुवटीवरून ओघळलेलं तिने पुसलं. बाई लिहीत राहिल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

मानधन मंजूर झालं. महिन्यातून दोन दिवस सुट्टी, त्या दिवसांपुरती मामाला सांभाळायला कार्यालय दुसरी बाई पाठवेल. मागची तीन वर्षं मात्र पेन्शनला धरलेली नाहीत. पत्रात त्याचं कारणही दिलेलं नाही. कैची म्हणते, "जाऊ दे ना, आई." मी सोमवारी वकीलबाईंकडे जाणार आहे. मास्तरांनी बजावलंय, दुसरा अर्जही आधी आपल्याला वाचून दाखवायचा.