सकाळी पडणारा काटा

एकोणीसशे तिसानंतरच्या मंदीच्या वर्षांत मिठागरावरून माणगावच्या बाजारात मीठ न्यायला मी उघड्या हौद्याची एक जुनी मोटार घेतली होती. चालवायला मुरुडकडचा ड्रायव्हर. माणूस कमी बोलायचा. संशय घ्यायला मला तेवढं पुरलं. इंजिनाचं तेल लवकर संपतंय असं वाटू लागलं, आणि हा ते दुसऱ्या गाडीवाल्यांना विकतो, असं मी मनात धरलं.

तेलाचं पिंप घरी आणून कुलपात ठेवलं. लागेल तेवढं खोबरेलाच्या जुन्या डब्यात काढून मी स्वतःच्या हातानं इंजिनात ओतायचो. डब्याच्या तळाला खोबरेल होतंच. तेलात तेल, त्यात काय धुवायचं!

पौषात थंडी पडली आणि तेलाच्या दाबाचा काटा सकाळी उठेचना.

“रात्री इंजिनातून किती काढलंस?” मी मिठागरावर सगळ्यांसमोर विचारलं.

“शेट, तेल भरलेलं हाय. पट्टी बुडवून बघा.”

“मला बघून आत्ता भरलं असशील.”

“मग रात्री माझ्या उशाशीच झोपा की!”

माणसं हसली. ते मला लागलं. मी त्याला मिठाच्या राशीवर हात ठेवायला लावला. आमच्याकडे मिठावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही. त्यानं ठेवला. “थेंब घेतला असंल तर हात झडंल माझा.”

तरी मी त्याला कामावरून काढलं.

मग एकटाच बॉनेट उघडून बसलो. तेल कमी असतं तर इंजिन तापल्यावर काटा पडला असता. हा तर सकाळी पडायचा आणि दुपारी चढायचा. इंजिनापासून काट्यापर्यंत जाणारी तांब्याची बारीक नळी सोडवली. आत पांढरट, घट्ट काहीतरी. बोटावर घेऊन हुंगलं. गोठलेलं खोबरेल.

दुसऱ्या दिवशी मिठागरावर गेलो. ‘चूक माझी’ हे वाटभर घोकलं होतं. तोंडून निघालं एवढंच, “नळीत खोबरेल गोठलं होतं.”

“बघा!” मुकादम म्हणाला. “चांगलं तेल विकलं नि जागी खोबरेल ओतलं. वर मिठावर हात! शेट, तुमी बरोबर वळखलंत.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी होकारार्थी मान हलवली.

मुरुडपासून चौलपर्यंत मग त्याला कोणी गाडीवर घेतलं नाही. पुढे चौलच्या एका वाडीत तो नारळ सोलताना दिसला. त्यानं वर बघायच्या आत मी वाट बदलली.