हिची काही हरकत नाही

दुकानाच्या काचेत मी होते.

माझा फोटो. माणसाएवढा नाही, पण दारातून आत जाणाऱ्याला टाळता येणार नाही एवढा. निळी साडी, तेल लावून घातलेली वेणी, हातात झेंडा. मी हसत होते. फोटोखाली जाड अक्षरांत इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. मराठीत सांगायची तर, हिची काही हरकत नाही.

आजूबाजूला सगळीकडे तोच झेंडा. लाल कापड, त्यावर निळी फुली, फुलीत पांढऱ्या चांदण्या. काठीवरचे, टोपीवरचे, कॉफीच्या कपावरचे. ओळीने मांडलेले, विकायला.

फोटो काढून टाका म्हणायचं, असं ठरवून मी आत गेले. इंग्रजी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. दुकानदार साठीचा, गोरा, बोलायला मोठा गोड. त्याने मला बघताक्षणी ओळखलं. काउंटरमागून बाहेर आला आणि एक नवा कोरा झेंडा माझ्या हातात ठेवला.

"हा तुला फुकट, हनी. पैसे मोजूनही अशी जाहिरात आम्हाला मिळाली नसती."

गिऱ्हाइकं हसली. कुणी कुत्सित हसलं असतं तर बरं झालं असतं. ती प्रेमाने हसली. आणि मीही हसले. वाक्य मनातच राहिलं. झेंडा हातात घेऊन मी बाहेर आले आणि रस्त्यापलीकडच्या बाकावर बसले. समोर काचेत मी हसतच होते.

ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेतलं कॉलेजचं गाव. मी तिथे वनस्पतिशास्त्रात पीएचडी करायला गेले होते, सरकारी शिष्यवृत्तीवर. कुठल्या शिष्यवृत्तीवर, हे तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात शिकवणाऱ्या पुण्याच्या एका काकांच्या घरी मला वरची खोली भाड्याने मिळाली होती. काकू मायाळू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. म्हणजे तुम्ही देशस्थ का गं, असं त्यांनी विचारलं. मी हसले. काकूंनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि संध्याकाळी मला देवापुढे दिवा लावायला सांगितलं. मी लावला.

आमच्या वस्तीत घरोघरी एक फोटो असतो. कोट, टाय, गोल चष्मा. नाव सांगायची गरज नाही. तसा एक छोटा फोटो आईने माझ्या सामानात दिला होता. तो मी सुटकेसमध्ये, स्वेटरच्या घडीत ठेवला. भिंतीवर लावायची हिंमत झाली नाही.

त्या शरद ऋतूत काळ्या विद्यार्थ्यांनी कॉलेजकडे मागणी केली होती की फुटबॉलच्या सामन्यांना हा झेंडा नको. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा हा जुना झेंडा. गाव दुभंगलं होतं. मला यातलं काही नीट ठाऊक नव्हतं. एका शनिवारी काका-काकू मला मॅच बघायला घेऊन गेले. अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. काकू म्हणाल्या, छानसं काहीतरी नेस. मी आईची निळी साडी नेसले. आई ती जयंतीच्या मिरवणुकीला नेसायची. मी निघाले तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही संगं ऱ्हाऊ दे. आमी हाय असं वाटंल."

गेटवर एक मुलगी सगळ्यांना छोटे झेंडे वाटत होती. मी त्यातलं निळं तेवढं बघितलं. निळं कापड वाऱ्यावर हललं की आमच्या माणसाचा हात आपसूक पुढे होतो. त्या हजारो गोऱ्या माणसांत मला ते एकच ओळखीचं वाटलं. मी झेंडा घेतला.

काकांची मुलगी बारा वर्षांची, तिथेच जन्मलेली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यू नो व्हॉट दॅट इज, राइट?"

काकांनी तिला गप्प केलं. मी पुढे काही विचारलं नाही. म्हणजे मला अगदीच काही कळलं नव्हतं, असं आज म्हणता येत नाही. कळून घ्यायचं नव्हतं. थोड्या वेळाने गावाच्या टीमने काहीतरी जिंकलं, सगळे उठले, मीही उठले आणि झेंडा हलवला. पेपरचा फोटोग्राफर समोरच होता. घरी येऊन मी तो झेंडा टेबलावर पेनांच्या कपात उभा करून ठेवला. आठवडाभर तो तिथे होता. आमचा फोटो सुटकेसमध्ये आणि हा टेबलावर.

आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रीनहाउसमध्ये मिस लोरेन कामाला होती. काळी, पन्नाशीची, कमी बोलणारी. रोपं कुंडीतून कशी काढायची, मुळं न दुखावता माती कशी झटकायची, हे मला प्राध्यापकांनी नाही, तिने शिकवलं. ज्वारी मिळत नव्हती म्हणून मी डब्यात मक्याच्या पिठाची भाकरी न्यायचे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं हे काय आहे, आणि उत्तराची वाट न बघता तुकडा मोडून तोंडात टाकला. आमची आजी मक्याची अशीच भाकरी करायची, ती म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. आमच्या माणसांबाहेरच्या कुणी माझ्या डब्यात हात घातल्याची ती पहिली वेळ होती. हे तिला मी कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकाच डब्यात जेवत होतो.

गावाचा पेपर आठवड्याने निघायचा. तो आला त्या दिवशी लोरेनने तो घडी करून कुंड्यांच्या टेबलावर ठेवला, आपला डबा उचलला आणि ग्रीनहाउसच्या पार दुसऱ्या टोकाला, पालथ्या बादलीवर जाऊन बसली. मी घडी उलगडली. पहिल्याच पानावर मी.

मी तिच्यामागे गेले. निळ्या रंगाचं सांगितलं, मिरवणुकीचं सांगितलं, मला माहीत नव्हतं म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली की ती सहा वर्षांची असताना काही माणसं तिच्या वडिलांना शोधत घरी आली होती. त्यांच्या गाडीवर हाच झेंडा होता. वडिलांचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"तुला माहीत नव्हतं, हे मी मानते," ती म्हणाली. "आता माहीत आहे ना?"

त्यानंतर दोन आठवड्यांनी दुकानाच्या काचेत माझा फोटो लागला. म्हणजे दुकानात मी हसले तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे मला सगळ्यात आधी कबूल करायला हवं होतं.

बाकावर बसले होते तेव्हा मला शाळा आठवली. आमची गावची शाळा. मी नऊ वर्षांची. मी दाराशी बसायचे. तहान लागली की ओंजळ धरायची, शिपाई वरून पाणी ओतायचा. एक दिवस तपासणीला मोठे साहेब येणार होते. हेडमास्तरांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. कुणीतरी रिबन बांधली. साहेब आल्यावर हेडमास्तर म्हणाले, "पाणी तू दे." पितळेचा घासलेला पेला माझ्या हातात दिला. मी साहेबांना पाणी दिलं. साहेब प्याले. फोटो निघाला. साहेबांनी वहीत लिहिलं की या शाळेत भेदभाव पाळला जात नाही. मला इतका आनंद झाला की मी तो पेला परत ठेवायला धावतच गेले. शिपायाने तो माझ्या हातून घेतला नाही, खाली ठेव म्हणाला. मग चिमट्याने उचलला आणि चुलीच्या निखाऱ्यांत घातला. मी दारात उभी राहून बघत होते. पितळ आधी काळं पडलं, मग लाल झालं.

तो फोटो हेडमास्तरांच्या खुर्चीच्या मागे उंचावर लागला. जो कोणी अधिकारी येई, त्याला तो दाखवत. मी चार वर्षं त्याच्याखालून ये-जा केली. त्या फोटोतही मी हसतेय. अगदी तसंच.

दोन्ही ठिकाणी मी पुरावा होते. गुन्हा करणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा. निखाऱ्यातला पेला कुणी बघायचा नाही, लोरेनच्या अंगणातली गाडी कुणी बघायची नाही, हसणारी पोर तेवढी बघायची.

मी उठले. पुन्हा दुकानात गेले. झेंडा काउंटरवर ठेवला.

"माझी हरकत आहे. फोटो काढा."

दुकानदार अजूनही गोडच. फोटो पेपरचा आहे, तो म्हणाला, पेपरची काही हरकत नाही. मग बोट दाखवून म्हणाला, "आणि हनी, तू हसते आहेस."

खरंच हसत होते मी.

पुढच्या शनिवारी मॅच होती. मी तीच निळी साडी नेसले, एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहिलं: ही मीच. मला कुणी विचारलं नव्हतं. माझी हरकत आहे. आणि दुकानासमोर, फुटपाथवर, त्या फोटोच्या बरोबर पुढे जाऊन उभी राहिले. काचेत ती हसणारी, काचेबाहेर मी. लोक बघायचे, वाचायचे, पुन्हा फोटोकडे बघायचे. एका बाईने मला आपल्या देशात जा म्हणून सांगितलं. एका गाडीतून बर्फाचं कोक अंगावर आलं. साडीवर डाग पडला तो आजतागायत निघाला नाही. दुपारी लोरेनची गाडी आली. दुकानासमोर हळू झाली. गाडीची काच वरच होती. मग पुढे निघून गेली.

संध्याकाळी जेवताना काकू म्हणाल्या, "अगं, ती त्यांची भांडणं आहेत. आपण गेस्ट आहोत इथे. तुला काय फरक पडतो?"

फरक काय पडतो ते सांगायचं तर पेल्यापासून सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. "काकू, मी देशस्थ नाही. आम्ही महार. आता बौद्ध."

काका लगेच म्हणाले, "वी डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट." काकूही म्हणाल्या की छे, आमच्या घरात असलं काही नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही.

सकाळी नाश्त्याला तिघांपुढे स्टीलच्या ताटल्या होत्या. माझ्यापुढे कागदाची प्लेट आणि कागदाचा कप. भांडी फार पडतात गं हल्ली, असं काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. इथे निखाऱ्यांची गरजच नव्हती. सिंकखाली कचऱ्याचा डबा होता.

मी हसले नाही. उठले, फडताळ उघडलं. स्टीलचे सहा पेले, सगळे एकसारखे. मधला घेतला, नळाखाली भरला, त्यांच्यासमोर उभ्यानेच पाणी प्याले. मग धुतला, पुसला आणि बाकीच्या पाचांत मिसळून ठेवला. आता कुठला, ते त्यांना कधीच कळणार नव्हतं. वर जाऊन सुटकेस भरली. स्वेटरच्या घडीतून फोटो काढला आणि हातात धरून जिना उतरले.

डिपार्टमेंटजवळ एक कोंदट खोली मिळाली. पहिला खिळा त्या फोटोसाठी ठोकला.

त्या हंगामात गावात ज्या ज्या शनिवारी मॅच झाली, त्या प्रत्येक शनिवारी मी त्या काचेसमोर उभी राहिले. त्याच साडीत, डागासकट. झेंडे खपतच होते. शेवटच्या मॅचच्या दिवशी दुकानदार गुंडाळी करून तो फोटो बाहेर घेऊन आला. "घे. आता घरी जा," म्हणाला. हनी म्हणाला नाही. काचेत माझ्या जागी त्याने एक मोठा झेंडा लावला.

जिंकले असं मी म्हणत नाही. लोरेन पुन्हा माझ्या डब्यात जेवली नाही. कामाचं बोलायची, रोपांचं बोलायची, पण दुपारी बादली पालथी घालून त्या टोकाला बसायची. मी तिला दोष देत नाही. रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या न्यायचे आणि परत आणायचे.

तो फोटो मी फाडला नाही. खोलीत टेबलासमोर लावला. त्याखालची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, हिला माहीत होतं. रोज सकाळी ती हसणारी बाई मला बघते आणि मी तिला बघते. मी नजर काढून घेत नाही.

मग एका रविवारी गावच्या शाळेच्या हेडमास्तरांना पत्र लिहिलं. आता कुणी नवे होते, नाव माहीत नव्हतं. लिहिलं की आपल्या खुर्चीमागे एका मुलीचा फोटो आहे, ती साहेबांना पाणी देते आहे. ती मी. त्या पेल्याचं पुढे काय झालं, ते वहीत लिहायचं राहून गेलंय. उन्हाळ्यात येते आहे. वहीत ते माझ्या हाताने लिहीन आणि फोटो घेऊन जाईन. परवानगी मागत नाही.

फोटो उंचावर आहे. स्टूल काढून ठेवा.