सात नंबरची ट्रायल

बोनकोडे गावात जयमालाच्या पोटात एखादी गोष्ट चार तास टिकली तरी खूप. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार, कुणाच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली, सगळं शिलाई मशीनच्या आवाजाबरोबर बाहेर. त्यामुळे ती सलग दोन दिवस गप्प बसली तेव्हा नवऱ्यानं, वामनरावांनी, तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. राग होता, आणि तुम्ही असता तर तुम्हालाही आला असता.

घराच्या तळमजल्यावरच तिचं दुकान. आधी हळदीसाठी एका रंगाचे चाळीस-चाळीस ब्लाउज शिवायची, मग गावच्या क्रिकेट टीमचे टी-शर्ट. अकरा वर्षांपूर्वी शेजारी भाड्यानं राहायला आलेला केतन दारात वाकून उभा राहिला. सांगलीकडचा, सहा फूट चार इंच. रेडीमेड शर्ट पोटाच्या वर येतात म्हणाला. जयमाला टेप घेऊन स्टुलावर चढली आणि खांद्याचं माप घेता घेता त्याचं घर, पगार, लग्नाचा विचार, सगळ्याचं माप घेऊन मोकळी झाली. शर्ट असा बसला की पुढच्या आठवड्यात केतननं आपली अख्खी बास्केटबॉल टीम आणली. तेव्हापासून खाडी टायगर्सच्या जर्सी जयमालाकडे. उंच माणसाच्या बगलेत कापड कुठे ओढतं हे नवी मुंबईत तिच्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी नाही म्हणत, तीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आता ही टीम. खेळाडू पगारी, शहराशहरांच्या लीगमध्ये खेळणारे, पण तीन वर्षं यादीत सगळ्यात खाली. गेल्या वर्षी चौदातल्या बारा मॅच हरले. मग मालकांनी नवा मॅनेजर आणला, स्वानंद. सीवूड्सला राहणारा, बत्तीस वर्षांचा, पांढरेशुभ्र बूट. त्याला म्हणे टीम पाडून पुन्हा बांधायची होती, इकडे जुन्या सोसायट्या पाडून टॉवर बांधतात तशी. बांधू दे की. केतन चौतिशीचा झालाय, गुडघ्याला पट्टा लागतो, हे काय जयमालाला दिसत नव्हतं? दर वर्षी त्याच्या शॉर्ट्सची कंबर अर्धा इंच सैल कोण करत होतं?

पण झालं काय, ते ऐका. मंगळवारी सकाळी स्वानंदनं तिच्या मोबाईलवर नवी यादी पाठवली. बारा नावं, मापं, नंबर. शनिवारी नव्या टीमचा कार्यक्रम, शुक्रवारपर्यंत जर्सी हव्यात. सात नंबरपुढे नाव होतं दिपेश. सात नंबर अकरा वर्षं केतनचा, कॅप्टनचा. जयमालाला वाटलं पोरानं घाईत चूक केली. तिनं लगेच फोन लावला.

"नाही काकू, बरोबर आहे ते," स्वानंद गोड आवाजात म्हणाला. "फक्त कुणाला बोलू नका हं. प्लेयर्सना अजून कम्युनिकेट केलेलं नाही. प्रोसेस चालू आहे."

फोन ठेवून तिनं यादी पुन्हा वाचली. जुन्यातली पाच माणसं गायब. पाचांपैकी एकालाही पत्ता नाही, आणि पत्ता कुणाला, तर शिवणाऱ्या बाईला. का, तर कापड कापायला वेळ लागतो, माणूस कापायला लागत नाही. अहो, इकडे बिल्डरसुद्धा इमारत पाडायच्या आधी मीटिंग बोलावतो, चहा-समोसा देतो, सह्या घेतो. इथे आत माणसं झोपलेली असताना बुलडोझर दारात.

त्यात आदल्याच दिवशी केतन शॉर्ट्स द्यायला येऊन गेला होता. नाशिकच्या एका कॉलेजनं त्याला कोच म्हणून बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला घेऊ, असा निरोप. केतन नाही सांगणार होता. टीम अशी पडलेली असताना कॅप्टननं पळून जायचं का, हा त्याचा प्रश्न. म्हणजे शुक्रवारी हा नाशिक सोडणार आणि शनिवारी टीम ह्याला सोडणार. दोन्हीकडून गेला. आणि हे अख्ख्या नवी मुंबईत एकट्या जयमालाला ठाऊक.

शेवटी तिनं नवऱ्याला तेवढं सांगितलं. वामनरावांचं पहिलं म्हणणं, गप बस, ऑर्डर जाईल. बुधवारी रात्रीच्या जेवणापर्यंत बायकोचा तो गप्पपणा त्यांच्याच अंगावर आला. मग म्हणाले, सांगून टाक बाई केतनला, निदान घरात आवाज तरी होईल.

"मी सांगू?" जयमाला उसळली. "अकरा वरसं खेलला तो. त्याला काढला हे त्याला ब्लाउज शिवनारीनं सांगायचं? ज्यानं काढला त्याला तोंड नाय?"

गुरुवारी तिनं दोन फोन केले. केतनला सांगितलं, शॉर्ट्स तयार हायत, चारला ट्रायलला ये. स्वानंदला सांगितलं, सात नंबरचा गला नीट बसत नाय, चारला येऊन बगून जा. वामनरावांनी हे ऐकलं मात्र, पावणेचारला त्यांना बँकेचं काम आठवलं.

दुकान म्हणजे दहा बाय दहा. त्यात सहा फूट चार इंचांचा माणूस बसला की उरते एक प्लास्टिकची खुर्ची. स्वानंद आत आला, केतनला बघून थबकला, आणि वळेपर्यंत जयमालानं दारातच स्टूल टाकून बैठक मारली होती. बाहेर पडायचं तर तिच्या मांडीवरून.

तिनं सात नंबरची जर्सी उलगडली. पाठीवर नंबर होता, नावाची जागा कोरी.

"साहेब, हिच्यावर नाव काय टाकू?"

"काकू, ते आपण नंतर बोलू ना."

"नंतर कसं? नाव छापायचं प्रेस तापलंय."

केतननं जर्सी हातात घेतली, स्वतःच्या छातीला लावून बघितली. अकरा वर्षांत त्याचं माप तिच्याकडून एकदाही चुकलं नव्हतं.

"ही माझी नाही," तो हळू म्हणाला. "तीन इंच लांब आहे."

मग स्वानंद बोलायला लागला. व्हिजन काय, डेटा काय, तरुण रक्त काय. जयमालानं कात्री दोनदा नुसतीच वाजवली. तिसऱ्यांदा वाजायच्या आत तो म्हणाला, "केतन, पुढच्या सीझनला तू नाहीयेस."

"कधी ठरलं?"

"जूनमध्ये."

आणि हा ऑगस्ट चाललेला. जून-जुलैचा अख्खा कॅम्प केतननं घेतला होता. पट्टा बांधून पहाटे मैदानावर, नवीन पोरं पारखायला. दिपेशला त्यानंच शोधलं होतं, त्यानंच स्वानंदपुढे उभं केलं होतं.

"दिपेश चांगलाय," केतन म्हणाला. "त्याला घेतलंस ते बरोबरच केलंस. मी असतो तर मीही घेतलं असतं. पण मला सांगायला काय झालं होतं?"

स्वानंद बुटांकडे बघत राहिला. "वाटलं, तू डिस्टर्ब होशील. कॅम्पवर परिणाम झाला असता."

इथे जयमालाचं डोकं फिरलं. म्हणजे हा विसरला नव्हता. भित्राही नव्हता. ह्यानं हिशेबानं तोंड मिटलं होतं, माणसाकडून काम पुरतं काढून घेईपर्यंत. तिला एवढं बोलायचं होतं की एकही शब्द बाहेर येईना, आणि जयमालाच्या बाबतीत असं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

केतन उठला. तिनं स्टूल बाजूला घेतलं. बाहेर रिक्षाच्या आडोशाला उभा राहून त्यानं नाशिकला फोन लावला. पाच मिनिटांनी दारात वाकून एवढंच म्हणाला, "सोमवारी बोलावलंय, काकी." डोळे लाल होते. शॉर्ट्स घेतल्या आणि गेला, स्वानंदकडे न बघता.

स्वानंद सुटल्यासारखा उठला, तर स्टूल परत दारात.

"बाकीचे चौगं?"

"काकू, त्यांना ईमेल जाईल शनिवारी."

"त्यातला हितेश शनिवारसाठी गावावरून आईबापाला आनतोय. पयल्या रांगेत बसवनार हाय त्यांना. ईमेल बापाला वाचून दाखवेल का तो?"

स्वानंदनं तिच्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे, मग एकही नाव नसलेल्या बारा जर्सींच्या गठ्ठ्याकडे. प्रेसचं बटण तिच्या हाताशी, आणि हात मांडीवर. त्यानं खुर्ची ओढली आणि हितेशचा नंबर लावला. पहिला फोन अकरा मिनिटं चालला, त्यातली नऊ तो नुसता ऐकत होता. दुसऱ्या फोनला त्याला घाम फुटला. चौथा संपला तेव्हा त्यानं पाणी मागितलं. ते तिनं दिलं, माणूस म्हणून. मग प्रेस चालू केलं.

खोटं कशाला बोलू, टीम सुधारली. त्या वर्षी सेमीफायनलला गेले, पुढच्या वर्षी फायनलला. दिपेश तर असा उडतो की जयमाला स्टँडमध्ये उभी राहून ओरडते, आणि ओरडून झालं की आपण ओरडलो ह्याचाच तिला राग येतो. लोक स्वानंदचं कौतुक करतात, पडकी टीम कशी उभी केली म्हणून. तिच्यासमोर करत नाहीत, एकदा दोघांनी करून बघितलंय.

स्वानंद आता यादी घेऊन स्वतः येतो. बूट बाहेर काढतो, आणि कागद पुढे करण्याआधी सांगतो, काकू, सगळ्यांशी बोलून झालंय. जयमाला बरं म्हणते. मग चष्मा लावते, गेल्या वर्षीची यादी शेजारी ठेवते, ह्या वर्षी यादीतून गळलेल्या पोपट नावाच्या खेळाडूला स्वानंदच्यादेखत फोन लावते, साहेब बोलले का विचारते, आणि पोपट हो म्हणेपर्यंत कापडाची घडी मोडत नाही.