दुसरा गिअर अलगद पडला!

मित्रहो, गिअर ऑइलमध्ये मिसळायच्या औषधाने जुन्या गाडीचे गिअर सुधारतात, हे आज मला सिद्ध करायचे आहे.

आमच्या गाडीचा दुसरा गिअर अडत असे, म्हणून ती विकायचे घरात जवळपास ठरले होते. सकाळी सातपूरच्या मेकॅनिककडून ते औषध घालून घेतले आणि पत्नीसह सायखेड्याच्या रस्त्याला लागलो. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला! मी आनंदाने ओरडलोच.

"अहो, समोर बघा!" पत्नी म्हणाली. मग हसली. "राहू द्या आता गाडी, विकायला नको. पण काळं झालेलं ऑइलही आजच बदललंत ना? मग गुण कशाचा?"

नुसते औषध घालून कोणी पाहिले आहे काय?

दोन बदल एकदम करून माझा पुरावा मीच निकामी केला, ही चूक मान्य.

— वसंतराव, नाशिक