वाढली म्हणायचं

मालवणच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात एकच बॅग होती. लग्नानंतर संसार मांडायला निघाले होते आणि मला सुटसुटीत जायचं होतं. कंडक्टरने घंटी मारायच्या आत आई गोणी घेऊन चढली. नारळ, सोलं, उकडे तांदूळ आणि सगळ्यात वर सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी. गोणी तिने माझ्या सीटखाली कोंबली आणि म्हणाली, "घे गो. थंय असली गावची नाय." तिकडे असली मिळायची नाहीत, याची तिला खात्री. पुण्यापर्यंत मी पाय आखडून बसले.

पहिली काही वर्षं त्या सुंगटांनी मला जगवलं, हे खोटं नाही. मग फ्लॅट घेतला. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावून दोनदा बेल वाजवली. यांना बीपी निघालं, डॉक्टरांनी खारवलेलं बंद केलं. तरी फोनवर मी "मस्त होती गो" म्हणत राहिले. आईने कावळे राखत वाळवलेली सुंगटं मी पेपरात गुंडाळून, ऑफिसला जाताना कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकत होते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांनी असं काही केलं नसेल तर मला हसा.

नको म्हणायची सवयच नाही मला. गेल्या उन्हाळ्यात एकदा धीर केला. थेट बोलवेना, म्हणून म्हटलं, "आये, सुंगटां वाढली गो, खूपच वाढली." साठून राहिलीत, असं सुचवायचं होतं. पण आमच्या घरात डब्यातलं काही संपलं, तरी संपलं म्हणत नाहीत. लहानपणी मीठ संपलं म्हटल्यावर मी तिचा धपाटा खाल्लाय. "संपला म्हणू नये, वाढला म्हणाचा." आई खूश झाली. पंधरा दिवसांत ट्रॅव्हल्सच्या गाडीने दोन पिशव्या आल्या. मी पोट धरून हसले आणि त्याही टाकल्या.

पुढच्याच आठवड्यात दादाचा फोन आला. माझ्यासाठी आणखी सुंगटं वाळत घातली होती, त्यावरचे कावळे हाकलताना वर पसरलेल्या जाळ्यात पाय अडकून आई पडली. मनगट मोडलं होतं.

मी गेले. पडवीत तिच्या प्लास्टरकडे बघत शेवटी बोलले, "आये, माका नको आता. मी टाकून देतंय."

तिने प्लास्टरवरचा पदर सारखा केला. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, "मगे आता तुका काय बांदू?"

 

परतताना सीटखाली काही नव्हतं. पाय लांब करून बसले. इतक्या वर्षांचं खोटं उतरलं होतं, हलकं वाटायला हवं होतं. कणकवली येईपर्यंत रडत होते.

आता आई सुंगटं वाळत घालत नाही. परवा म्हणाली, "हाताक वास येणा नाय आता." यात सुख होतं की दुःख, ते विचारायचा धीर झाला नाही. पूर्वी घर म्हणजे मला त्या गोणीचा वास. आता घर म्हणजे रविवारचा फोन. जेवण विचारून होतं, हात विचारून होतो, मग बोलायला काही उरत नाही. ती फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही.