सगळी सिमं नीरजच्या नावावर

कुवेतमध्ये अबू हलीफा भागात आमचा फ्लॅट आहे, त्याच्या आतल्या खोलीत नीरज राहतो. माणूस सोन्यासारखा, पण इतका भिडस्त की कधीकधी पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. मूळचा नाशिकचा, बायको वीणा आणि सात वर्षांची कौमुदी तिकडेच. आमच्या सुरेशचा कॉलेजातला मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतो. आणि एकदा वहिनी म्हटल्यावर मी बोलायचं सोडते होय!

अर्दियाच्या एका वर्कशॉपमध्ये तो बोर्ड तयार करतो. तळहाताएवढा हिरवा बोर्ड, दवाखान्यांतल्या औषधांच्या फ्रिजला लावायचा. फ्रिज तापला की बोर्डाला कळतं. पण नुसतं कळून उपयोग काय, सांगायला तोंड नको? ते तोंड नीरज बसवतो: मोबाइलचं मोडेम आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. एकाचं नेटवर्क गेलं की बोर्ड आपणहून दुसऱ्या सिमवर जातो आणि निरोप पोचवतो. सुरुवातीला मोडेम नेटवर्क शोधायला लागलं की इतका करंट ओढायचं की बोर्डच बंद पडायचा. मग या पठ्ठ्याने सुट्टीचे शुक्रवार आमच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करत मोडेमला वेगळी वीज काढून दिली. टेबलाला डाग पडलाय तो पडलाच. मी नर्स आहे त्या क्लिनिकच्या फ्रिजलाही त्याचाच बोर्ड आहे आणि त्याने एकदा आमच्या लसी वाचवल्यात, खोटं कशाला बोलू?

घोळ झाला तो सिमांचा. इथे सिम घ्यायचं तर कुणाच्या तरी सिव्हिल आयडीवर, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्रावर घ्यावं लागतं. कंपनीच्या नावावर घ्यायचं तर मालकाची सही हवी, आणि मालक सदानकदा परदेशात. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांसाठी धावणारा माणूस, हैदराबादचा अशरफ. तो म्हणाला, ‘‘नीरजभाई, अभी आपके नाम पे ले लेते, बाद में बदल देंगे.’’ आणि आमचा शहाणा ‘काम अडायला नको’ म्हणून तयार झाला! आपल्या लोकांचं हे असंच. सही कोणाची, जबाबदारी कोणाची, ते नंतर बघू. आधी काम उरकू. फोनवरच्या ॲपमध्ये विनंती यायची, नीरज ‘मंजूर’ दाबायचा. बघता बघता कुवेतभरच्या फ्रिजांमधली सगळी सिमं त्याच्या नावावर.

यंदा फिंतासच्या एका कंपनीने त्याला बोलावलं. काम तेच, पण बायको-मुलीचा व्हिसा मिळणार होता. माणूस खोलीत चक्क शीळ घालायला लागला. तिकडे वीणाने आनंदाच्या भरात कौमुदीचा शाळेतून दाखलासुद्धा काढला. आता फक्त जुन्या कंपनीने रिलीज द्यायचा, म्हणजे त्याला सोडल्याचं लिहून द्यायचं, तेही जून संपायच्या आत. नंतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

अशरफने हसत हसत सांगितलं, ‘‘सिम आपके नाम पे है ना भाई. आप गए तो सब लाइनें बंद. पहले सिम कंपनी के नाम पे आने दो, फिर रिलीज.’’

सिमं कंपनीच्या नावावर कोण करणार? मालक. मालक कधी येणार? इन्शाल्ला!

नीरज जेवताना म्हणाला, ‘‘वहिनी, बोर्डाला दोन सिमं दिली मी. मला मात्र एकच इकामा.’’ इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि तो कंपनीच्या मुठीत. तो हसला, मला काही हसू आलं नाही.

‘‘अरे, तुझ्याच नावावर आहेत ना सिमं?’’ मी भडकलेच. ‘‘मग जा आणि बंद करून टाक सगळी! मालक झक मारत विमान पकडून येईल.’’

दुसऱ्या दिवशी तो खरंच मोबाइल कंपनीच्या दुकानात गेला. आला तो पडलेल्या चेहऱ्याने, हातात खुबुसचं, इथल्या रोट्यांचं पाकीट.

‘‘झालं?’’

‘‘नाही वहिनी. काउंटरवरची हुस्ना म्हणाली, सगळी बंद करते, पण हेच नंबर परत चालू व्हायचे नाहीत. मला तुमचा फ्रिज आठवला. बाहेर हे असं ऊन. दुपारी वीज गेली आणि बोर्ड गप्प बसला, तर त्या बाळांच्या लसी...’’

‘‘माझ्या फ्रिजचं मी बघेन!’’

‘‘तुमच्याचं बघाल. बाकीच्यांचं?’’

इतका संताप झाला म्हणून सांगू, त्याचा, अशरफचा, त्या कधी न दिसणाऱ्या मालकाचा. कुकरला शिट्टी लावायची राहून गेली आणि वरणाचा भात झाला की भाताचं वरण, कळलं नाही. तेही त्याने चाटूनपुसून खाल्लं.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी तो टेबलाशी बसून नाशिकला व्हिडिओ कॉल करत होता, फोन मिठाच्या बरणीला टेकवून. बेल वाजली. दारात अशरफ.

‘‘भाभी, नया ऑर्डर आया है, बच्चों के हॉस्पिटल का. नए सिम लगेंगे. मालिक बोले, ये हो जाए तो पक्का साइन.’’

‘‘पहले रिलीज लाओ, फिर सिम!’’ मी दार अडवून उभी राहिले. ‘‘शरम नहीं आती तुमको?’’

‘‘भाभी, मैं भी नौकर हूँ,’’ तो म्हणाला. ‘‘रिक्वेस्ट तो भेज दिया मैंने.’’

मी वळले. आत कौमुदीचा आवाज येत होता. रडत नव्हती पोर, नुसतं विचारत होती, ‘‘बाबा, जुन्या शाळेत आता जागा नाहीये म्हणतात. माझ्या सगळ्या मैत्रिणी जायला लागल्या. मी कुठल्या शाळेत जाऊ?’’

तेवढ्यात फोनच्या पडद्यावर, तिच्या चेहऱ्यावरच ती ॲपची विनंती उतरली. हिरवं बटण, लाल बटण.

‘‘नीरज, दाबू नकोस हं,’’ मी म्हणाले. ‘‘दाबलंस तर याद राख!’’

त्याने माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे, अशरफकडे.

‘‘एक मिनिट हं कौमू,’’ तो म्हणाला, ‘‘एक काम अडलंय.’’ आणि त्याने हिरवं बटण दाबलं.

विनंती निघून गेली. मागे कौमुदी तशीच बसली होती, उत्तराची वाट बघत.