बोलावण्याआधी हजर

आमच्या धाकट्याला पकडायला पोलीस येत नाहीत. कशाला येतील? आसपास कुठे कुलूप तुटल्याचं कानावर आलं, की हा बाबा स्वतःच टॉवेल, साबण आणि टेस्टर पिशवीत घालून ठाण्यात जाऊन बसतो. जीप दुकानासमोर उभी राहिली की गिऱ्हाइकं आपापले मिक्सर उचलून पळतात, त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. मी त्याची थोरली बहीण. शेजारच्याच गाळ्यात माझं इस्त्रीचं दुकान आहे, त्यामुळे हे शहाणपण मला फुकटात बघायला मिळतं.

त्याचे पराक्रम आधीच सांगून टाकते, नाहीतर मला दरोडेखोराची बहीण समजाल. मिसरूड फुटायच्या वयात त्याने एक सायकल चोरली आणि सापडला. सुटून आल्यावर दुसरी चोरली, पुन्हा सापडला. मग तिसरी चोरली, आणि या वेळी मात्र कुणाला पत्ता लागला नाही. पण आमच्या आईने जेवण सोडलं. म्हणून हा सायकल परत ठेवायला निघाला आणि मालकाच्या दारातच चोरीच्या मालासकट धरला गेला. नेताना कुणी बघितलं नाही, परत देताना अख्ख्या गल्लीने बघितलं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कायद्याचं गणित असं आहे, की एकदा चोरी केली तर माणूस चोर, दुसऱ्यांदा केली तरी चोरच, पण तिसऱ्यांदा शिक्षा झाली की तो सराईत. शिक्षा भोगून संपते, सराईतपण संपत नाही. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. एक रात्र बाहेरगावी काढायची तर आधी अर्ज, मग परवानगी, आणि ती हातात पडेपर्यंत ज्याच्या लग्नाला जायचं त्याला पोरं झालेली असतात. वर कुठे चोरी झाली की आधी सराईत आत, मग तपास. आमचा दूधवाला रोज दुधात पाणी घालतो. समोरच्या बंगलेवाल्याने कुंपण सरकवत सरकवत अर्धा रस्ता अंगणात घेतला. पण ते सराईत नाहीत हो, ते प्रतिष्ठित!

धाकटा तेव्हापासून पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. डोक्याचे केस पांढरे झाले, पण दुसऱ्याच्या खिळ्यालासुद्धा हात लावला नाही त्याने. ठाण्यात बसवून ठेवलं की त्याला नुसतं बसवत नाही, म्हणून तिथले पंखे दुरुस्त करून देतो, तेही फुकट. हवालदार त्याची पाठ थोपटतो, "तू आपणहून येतोस, सरकारचं डिझेल वाचतं बघ." आणि आमचं ध्यान खूश होतं.

यंदा त्याची लेक बाळंत व्हायची होती, दूर तिच्या सासरी. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, त्यामुळे इकडे येणं शक्य नव्हतं. फोनवर ती एकच म्हणायची, "बाबा, त्या वेळी तुम्ही इथे पाहिजे." आता बाळ काय अर्ज करून, परवानगी घेऊन येतं? एकच वाट होती. वर्षानुवर्षं गुन्हा केलेला नसला, तर न्यायाधीशांपुढे उभं राहून सराईतपण काढून घेता येतं. धाकट्याने अर्ज केला, तारीखही लागली. ठाण्याच्या नव्या साहेबांनी वर्तन चांगलं आहे एवढं कळवायचं बाकी होतं.

मी बजावलं, "तारखेपर्यंत गप बस. शिंकायचं असलं तरी मला विचारून शिंक."

"हो ताई," म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जातंय!

तारीख तोंडावर आली होती. सकाळी दूधवाला सायकलवरूनच ओरडत गेला, "औषधवाल्याचं कुलूप तोडलंय! शटर अर्धं वर आहे!" मी इस्त्री तापवत होते. वळून बघते तर शेजारचा गाळा बंद आणि खुंटीवरची पिशवी गायब. इस्त्री तशीच टाकून मी ठाण्याकडे धावले.

धाकटा बाकावर बसला होता, पिशवी मांडीवर. समोर साहेब, त्यांच्या डोक्यावर धाकट्यानेच दुरुस्त केलेला पंखा.

"कसली चोरी?" साहेब विचारत होते.

"औषधवाल्याकडची, साहेब. कुलूप तुटलंय."

"आमच्याकडे तक्रार नाही. आम्हाला माहीत नाही, ते तुला कसं माहीत?"

"दूधवाला बोलला. म्हटलं तुम्ही बोलवालच, तर आधीच येऊन बसतो."

"तक्रारीच्याही आधी?" साहेबांचा चेहरा असा उजळला, जणू बढतीच मिळाली.

माझ्याच्याने राहवेना. "अहो साहेब, चोरी करून कुणी टॉवेल-साबण घेऊन ठाण्यात येतं का?"

"फार पोचलेले असतात हे लोक, बाई. तुम्हाला नाही कळायचं."

औषधवाल्याला बोलावणं गेलं. तो हातात नवं कोरं कुलूप घेऊनच आला. "चोरी? छे हो! चावी हरवली म्हणून मीच तोडलं. हे आणायला गेलो होतो."

मी मनात म्हटलं, सुटलो बाबा! चोरीच नाही तर चोर कुठला? मी धाकट्याच्या हाताला धरून उठवलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "चोरी झाली नाही हे खरं. पण हा नुसत्या बातमीवर पिशवी भरून तयार होता, हेही खरं. सभ्य माणसाची अशी तयारी असते? तुमची पिशवी असते का भरलेली, बाई?"

ती पिशवी भरायला कुणी शिकवलं, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. सुचलं ते घरी आल्यावर, भांडी घासताना.

साहेबांनी कळवलं, सराईत वृत्ती कायम आहे. न्यायाधीशांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि अर्ज फेटाळला, पुन्हा करायचा तो तीन वर्षांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ऐकलं होतं. इथे चोरच नव्हता, तरी फाशी ठरलेली!

त्याच आठवड्यात लेक बाळंत झाली. मुलगा झाला. धाकटा गाळ्यात फोन कानाला लावून त्याचं रडणं ऐकत होता. लेकीला म्हणाला, "कामं फार आलीत गं, जरा उरकली की येतो." मला इतकं भरून आलं, की एका शर्टाची कॉलर जळाली.

बाळाने जरा मान धरल्यावर तीच त्याला घेऊन आली, दोन दिवसांसाठी. परतीची गाडी सोमवारी सकाळी, नेमकी हजेरीच्या वेळेला. बापाच्या वाट्याला तेवढीच जास्त मिनिटं, म्हणून ती बाळाला घेऊन त्याच्याबरोबर ठाण्यात आली. मीही होते.

हवालदाराने बाळाच्या दुपट्यात डोकावून बघितलं. "वा! अगदी आजोबांवर गेलाय. आतापासूनच हजेरी लावून टाका याची!"

सगळं ठाणं हसलं, साहेबसुद्धा. लेकीने दुपटं बाळाच्या तोंडावर ओढून घेतलं. धाकट्याने मान खाली घालून सही केली.

"अरे, आलाच आहेस तर हा पंखा बघ," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "पुन्हा अडकत अडकत चाललाय."

धाकट्याने पिशवीतून टेस्टर काढला. मला वाटलं, चढला आता हा स्टुलावर. पण त्याने तो शर्टाच्या खिशात खोवला.

"नको साहेब. सरकारी वस्तू आहे. सराईताने हात लावलेला बरा दिसत नाही."

मग बाळाला उचलून घेतलं आणि गाडीपर्यंत चालत गेला. रिकामी केलेली पिशवी लेकीला दिली, बाळाचे कपडे न्यायला.

परवा गल्लीत खरोखरच एक कुलूप तुटलं. बातमी आली तेव्हा धाकटा मिक्सर खोलून बसला होता, तो बसूनच राहिला. दुपारी जीप आली आणि दुकानासमोर उभी राहिली. हवालदार घामाने निथळत होता.

"अरे, आज आला नाहीस? चल."

"गिऱ्हाइकाचं एवढं पातं बसवतो," धाकटा मान वर न करता म्हणाला. "तोवर आत येऊन पंख्याखाली बसा. तिकडे फार उकडतं म्हणे."